फेकून दिलेली बाकी

बारकी चष्मा घरी विसरून गेली, म्हणून हे सगळं मला पाहावं लागलं. एरवी निवृत्त माणसाला भर दुपारी घराबाहेर काढील असं कारण आमच्याकडे सहसा निघत नाही.

बारकी म्हणजे माझी पुतणी. नोकरीसाठी माझ्याकडे राहते. मी एकटा, तीही एकटी. दोघांनाही एकमेकांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला हक्काचं माणूस आहे. लहानपणी अंगाने किरकोळ होती म्हणून बारकी, आणि पुढे धंदाही नावाला शोभेल असाच निघाला. कॅमेऱ्याच्या चित्रातली घाण गाळणारी सर्किटं ती आखते. त्यांना फिल्टर म्हणतात. सर्किट जितकं बारीक आणि वीज जितकी कमी, तितकं तिचं कौतुक. मी नोंदणी कार्यालयात जन्म काढला. आमच्याकडे काम जितकं फुगेल तितकं कौतुक होई.

तिच्या ऑफिसातल्या कामाच्या खोलीत शिरलो तर आत काळोख. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि इथे खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं. तापलेल्या धुळीचा आणि डाख लावल्याचा वास. एका कोपऱ्यात मिणमिणता दिवा, त्याच्यासमोर एक स्टूल, आणि स्टुलावर रोखलेला बोटभर कॅमेरा.

"दार लावा काका, उजेड येतो."

"उजेड येऊ नये म्हणून पगार देतात तुला?"

"हो. आणि चष्मा द्या."

मग तिने मला समजावलं. तिला ती सवय आहे; मला समजलं की कोणालाही समजेल, असा तिचा हिशेब. अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे तो माणसासारखाच काहीबाही कल्पना करतो. पडद्यावर मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके नाचतात. ते घालवायचे तर नवं चित्र जसंच्या तसं दाखवायचं नाही. आधीच्या चित्राचे पंधरा भाग घ्यायचे, नव्याचा एक, आणि मिसळायचं. ठिपके दर वेळी जागा बदलतात, ते विरून जातात. जे हलत नाही ते उरतं.

"म्हणजे आमचं ऑफिस," मी म्हणालो. "पंधरा जुने, एक नवा. नव्याचा आवाज कोणाला ऐकूच येत नाही."

ती हसली. पण गुणाकार करणारं सर्किट जागा खातं, वीज खातं. म्हणून तिने सोळाच धरले होते. सोळाने भागायचं असलं की यंत्राला गुणाकार-भागाकार काही करावा लागत नाही. आकडा नुसता उजवीकडे चार घरं सरकवायचा. सरकवताना शेवटचे अंक काठावरून खाली पडतात.

"ती बाकी," मी म्हणालो. एवढं गणित मलाही येतं. "तिचं काय करतेस?"

"फेकून देते. प्रत्येक ठिपक्याची बाकी जपून ठेवायची तर मेमरी किती वाढेल! तेवढी वाचवली म्हणून तर आमचं डिझाइन निवडलं." आणि मग म्हणाली, "तुम्ही आलाच आहात तर बसा ना त्या स्टुलावर. इथल्या कोणाला पाच मिनिटं गप्प बसवत नाही."

बसलो. स्थिर बसणे हा माझ्या नोकरीतला एकमेव विषय, ज्यात माझ्यावर कधी प्रतिकूल शेरा पडला नाही. पुरे म्हणाली तेव्हा उठलो आणि तिच्या खांद्यामागे येऊन पडद्याकडे पाहिलं. स्टुलावर मी बसलेलोच होतो. जरा फिका, धुतल्यासारखा, पण मीच; टक्कल, कान, सगळं.

"हे कधी जायचं?"

"जाईल. दर चित्रागणिक थोडं थोडं कमी होत…" ती बोलता बोलता थांबली.

ते जात नव्हतं. आम्ही बराच वेळ पाहिलं. बारकीने कागद ओढला, काही आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग पेन्सिल ठेवली.

"जुन्या-नव्यातला फरक सोळाच्या खाली गेला, की त्याचा सोळावा भाग शून्य येतो. काका… मग दुरुस्त करायला काही उरतच नाही. उजेडात एवढ्याशा फरकाचं काही वाटत नाही. पण अंधारातलं चित्र आम्ही डोळ्यांना दिसावं म्हणून नंतर उजळवतो. त्याबरोबर हेही उजळतं."

"मग किती वेळ राहणार हा बाबा तिथे?"

"कायमचा."

मला गंमत वाटली होती. तिने मात्र नुकताच घातलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि अंधाराकडे तोंड करून बसून राहिली.

तेवढ्यात तिचे साहेब आत डोकावले. हसरे गृहस्थ, बोलताना नेहमी दाराला हात लावून, म्हणजे निघायला बरं. "काय, काकांना भूत दाखवताय?" या लोकांत चित्रात जुनं काही रेंगाळलं की त्याला भूतच म्हणतात. "ठिपके गेले ना? झालं तर. चिप आता कारखान्यात जाते आहे, भुताखेतांना वेळ नाही."

"सर, त्या डोळ्यांच्या दवाखान्यात आपली पहिली कॅमेऱ्याची पेटी बसवली होती… तिथल्या सिस्टर म्हणत होत्या, आजोबा पडद्यावर दिसत होते…"

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. "ती बाई झोपली होती. चौकशी झाली आहे. आपल्याला कोणी काही विचारलेलं नाही." आणि दार ओढून घेतलं.

घरी येताना तिने मला सगळं सांगितलं. डोळ्यांच्या दवाखान्यात एक वॉर्ड असतो, तिथे दिवसाही पडदे ओढलेले असतात. एक म्हातारे गृहस्थ तिथे होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. सिस्टर एक आणि वॉर्ड दोन, म्हणून फेऱ्यांच्या ऐवजी कॅमेरा, आणि त्याचा पडदा दुसऱ्या वॉर्डात, सिस्टरसमोर. जेवणाची गाडी गेली आणि त्यानंतर आजोबा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडले. शेजारच्या माणसाला आवाज आला, पण त्याच्याही डोळ्यांवर पट्टी. त्याला वाटलं उशी पडली. संध्याकाळी औषध घालायला गेले तेव्हा कळलं. तोवर सगळं आटोपलं होतं. सिस्टरचा जबाब एकच: ते पलंगावर होते, मी दर थोड्या वेळाने पाहत होते. कोणाचा विश्वास बसणार? तिला घरी बसवलं.

"ती खरं बोलत होती," बारकी म्हणाली. "तिने पाहिलेलं मी ठेवलं होतं तिथे."

त्या रात्री दोघंही जेवलो नाही. भाजीला मात्र कोणी नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "काका, माझ्याबरोबर चला." आम्ही सिस्टरच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ घासलेल्या. इतक्या स्वच्छ, की हातांना दुसरं काम नसलेल्या बाईचं घर हे, असं लगेच कळावं. दार सासूने उघडलं.

"चौकशीवाल्या का? या. हिला विचारा. ड्यूटीवर झोपली म्हणे! घरात तर मी नुसती कूस बदलली तरी हिला जाग येते. तिथे बरी झोप लागली!" टोमणा सुनेला होता की दवाखान्याला, ते म्हातारीने उघडं ठेवलं होतं.

"आई, राहू द्या," सिस्टर म्हणाली. चाळिशीची बाई, आवाज हळू. "बसा ताई. काका, तुम्ही इकडे, खुर्चीवर."

चहा आला. बारकीने कप धरून ठेवला, प्यायली नाही. कंपनीकडून आलो, एवढंच ती बोलू शकली. त्यावर सिस्टर म्हणाली, "मशीन फार चांगलं होतं हो तुमचं. चित्र कसं स्वच्छ यायचं! चूक माझीच. उठून जायला हवं होतं. कॅमेरा नसता तर गेलेच असते… त्यांनी हातसुद्धा बाहेर काढला होता."

बारकीने मान वर केली. "हात?"

"हो. आधी दोन्ही हात छातीवर होते, पांघरुणात. मग उजवा हात बाहेर आला. एकदम नाही, हळूहळू. प्रत्येक वेळी बघावं तर थोडा आणखी बाहेर. डोळ्यांवर पट्टी असली की माणसं असंच चाचपतात… मला वाटलं, झोपेत असेल."

"हे कधी? जेवणाआधी?"

"छे. गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. चहाच्या सुमाराला."

खोलीत सासूच्या खलबत्त्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

निघताना दारात बारकीच्या तोंडून ते एकदाचं बाहेर पडलं. पायात चप्पल अर्धी, एक हात चौकटीवर. "सिस्टर, तुम्ही झोपला नव्हता. ते मशीन जुनं चित्र धरून बसलं होतं. जागा वाचावी म्हणून मी… मी केलंय ते. मी सगळ्यांना सांगणार आहे."

सिस्टर तिच्याकडे पाहत राहिली. रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जुनं चित्र," ती म्हणाली. "मग हात कसा हलला, ताई?"

उत्तर बारकीने रस्त्यात मला दिलं. "धरून ठेवू शकतं काका ते. नवं काढू शकत नाही. काठावरून पडलेले आकडे आहेत ते, त्यांना हात कुठून फुटणार?" थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि तो माणूस तेव्हा खाली होता. भिंतीशी. चाचपत."

तिने दवाखान्याला लिहून कळवलं. साहेबांना आधी सांगितलं, हे तिच्या स्वभावाला धरून. साहेब पहिल्यांदाच तिच्यासमोर खुर्चीवर बसले म्हणे. "तुमच्या नोकरीचं सोडा," म्हणाले, "पण ते जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता बोलून कोण उठून बसणार आहे?"

दवाखान्याचे मोठे डॉक्टर मात्र सरळ माणूस निघाले. कागदावर मला काही कळत नाही, म्हणाले. त्याच वॉर्डात, त्याच पलंगावर करून दाखवा, मी सिस्टरला घरी बसवल्याचा निर्णय मागे घेईन.

वॉर्ड त्या दिवशी रिकामा केला होता. पडदे ओढलेले. तिन्हीसांजेसारखा मळकट उजेड, स्पिरिटचा वास, आणि खाली कुठेतरी धुतलेल्या फरशीचा ओलसर वास. पलंगावर कोण झोपणार, असा प्रश्न निघाला. साहेबांना पाठीचं दुखणं होतं, मदतनिसांना काम होतं. सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. रिकामा माणूस सगळीकडे उपयोगी पडतो.

"परिस्थिती तीच हवी," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांवर सिस्टरनेच पट्टी बांधली. तिची बोटं गार होती. "घट्ट नाही ना झाली, काका?" तिने विचारलं. हेच तिने त्यांनाही विचारलं असणार.

मी उताणा पडलो. हात छातीवर, वर पांघरूण. सगळे बाहेर टेबलापाशी गेले, काचेपलीकडे; दुसऱ्या वॉर्डातला पडदा त्या दिवसापुरता तिथे आणून मांडला होता. दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

पट्टीआड काळोख वेगळा असतो. डोळे मिटल्यावर आपण काळोखाचे मालक असतो. पट्टीखाली तसं वाटत नाही. लांब कुठेतरी नळ टपकत होता. माझा श्वास मला ऐकू येत होता. मी विनोदी काहीतरी आठवण्याचा प्रयत्न केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काही आठवेना.

मग भिंतीच्या बाजूने चादर ओढली गेली.

जोरात नाही. खालून कोणी काठ धरून आधार बघावा, तेवढीच. सुटली. पुन्हा, जरा वर, माझ्या कोपरापाशी… ओढली गेली. मला वाटलं बारकी आली आहे. "बारके?" मी हळूच म्हटलं. काही नाही. ओढ तेवढी सैल झाली. कोणीतरी कान देऊन ऐकावं, तशी.

मी हललो नाही. शपथेवर सांगतो, बोटसुद्धा हललं नाही. ते धैर्य नव्हतं. मला हलता येत नव्हतं.

"काका, उठा आता," बारकीची हाक दारातून आली. मी पट्टी ओढून काढली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पाहिलं नाही. सरळ बाहेर आलो.

टेबलावरच्या पडद्यावर पलंग दिसत होता, आणि पलंगावर माणूस. फिका, पट्टी बांधलेला. मोठे डॉक्टर एकदा काचेतून रिकाम्या पलंगाकडे बघत, एकदा पडद्याकडे. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला. "पुरे. पटलं मला. सिस्टर, तुमची माफी मागायला हवी. उद्यापासून कामावर या."

सिस्टरने ऐकलं की नाही कोण जाणे. ती पडद्याला चिकटून उभी होती. बारकीने माझी बाही धरली.

"काका," ती पुटपुटली, "तुम्ही हात कधी बाहेर काढलात?"

मी पाहिलं. पांघरुणातून उजवा हात बाहेर आला होता, पलंगाच्या कडेवरून पुढे, बोटं पसरलेली. माझा हात जाडसर आहे, बोटं आखूड. हा लांब आणि वाळलेला होता.

"खाज आली होती," मी म्हणालो. तिच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरं काही म्हणवेना. तिला ते पटलं नाही, हेही मला दिसलं.

"आता दुरुस्त केलेलं दाखवा," साहेब म्हणाले. त्यांना लवकर आटपायचं होतं. ते पडद्याकडे पाहत नव्हते. मघापासून घड्याळाकडे पाहत होते.

बारकीने दुसरं डिझाइन पेटीत भरून आणलं होतं. त्यात बाकी फेकून दिलेली नव्हती. प्रत्येक ठिपक्याची जपून पुढच्या बेरजेत घेतलेली. एक कळ दाबली की ते सुरू होणार होतं. तिचं बोट कळीवर होतं आणि दाबत नव्हतं.

"काय झालं?" मी कानात विचारलं.

"आजोबा दुसरीकडे कुठे नाहीत काका. फक्त मी टाकून दिलं त्यात आहेत. ती बाकी मी धरायला लागले की…" तिने पडद्याकडे पाहिलं. "एकदा माझ्यामुळे कोणी पाहिलं नाही त्यांना. आता परत मीच…"

"उद्यापासून सिस्टर याच पडद्यासमोर बसणार आहे. दाब," मी म्हणालो. बरोबर तेच होतं. अजूनही वाटतं बरोबर तेच होतं.

तिने कळ दाबली. पापणी लवायच्या आत सगळं साफ व्हायला हवं, असं तिनेच मला सांगितलं होतं. तसं झालं नाही. आधी पाय गेले. मग पांघरुणाचा उंचवटा बसत गेला. मग पट्टी. हात राहिला. नुसता हात, पलंगाच्या कडेपाशी, हवेत. त्याची बोटं एकदा मिटली, काही सापडल्यासारखी, आणि मग तोही गेला. पडद्यावर रिकामा पलंग, चुरगळलेली चादर. एक ठिपका नाही.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "एकदम स्वच्छ."

सिस्टरने पडद्यावरून हात काढला आणि बारकीकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. वॉर्डातला पेशंट हलवला की दुसऱ्या पाळीच्या बाईला विचारतात, तसं विचारलं.

"ताई, कुठे पाठवलंत त्यांना?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, चहा माझ्या खोलीत ठेवला आहे, चला.

आम्ही निघालो. बाहेरचं दार जड, आपोआप मिटणारं. साहेबांनी ते पुढे होऊन उघडून धरलं. डॉक्टर गेले, सिस्टर गेली, बारकीला धरून मी गेलो. मागे कोणी राहिलं नव्हतं. शेवटचा मीच होतो. तरी दार मिटल्याचा आवाज येईना, म्हणून मी वळून पाहिलं. साहेब दार धरून उभेच होते, अंग जरासं चोरून, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मोकळा हात त्यांनी पुढे केला होता, कोपरात वाकवून, कोणाला धरायला हवा असेल तर.

"सावकाश," ते म्हणाले. "पुढे पायरी आहे."